घटकाभर

धाकट्या काकाचं लग्न आमच्या वाईजवळच्या गावी, घरापुढच्या अंगणात मांडव घालून झालं तेव्हा मी आठ वर्षांची होते. मुहूर्त दुपारी बाराच्या सुमाराचा होता. लग्न लावणारे गुरुजी जुन्या वळणाचे. मनगटावर घड्याळ असूनही त्यांनी सूर्योदयाला घटिकापात्राची पूजा केली आणि ते पाण्यात सोडलं. पाण्याने भरलेलं मोठं घंगाळ, त्यात तरंगणारी तांब्याची पातळ वाटी आणि शेजारी पाट. वाटी बुडाली की गुरुजींना ओरडून सांगायचं, ती काढून, रिकामी करून पुन्हा पाण्यावर ठेवायची आणि पाटावर कुंकवाचं एक बोट उठवायचं, एवढंच काम. मोठी माणसं आपापल्या गडबडीत होती, म्हणून शेवटी शेवटी ते माझ्याकडे आलं.

वाटीच्या बुडाला एक बारीक भोक होतं. वाटी कोरडी असताना ते शोधावं लागायचं. पाण्यावर ठेवली की मात्र त्या भोकातून केसाएवढी धार वर यायची आणि झऱ्याच्या तोंडाशी पाणी थरथरतं तसं वाटीतलं पाणी थरथरत राहायचं. पाणी चढायचं, वाटी खाली बसत जायची, पण किती बसली ते डोळ्यांना कळायचं नाही. बघता बघता काठ आणि पाणी एका पातळीत यायचे. वाटी क्षणभर थबकायची, मग एका बाजूने पाणी आत घुसायचं आणि डुबुक! पाठोपाठ घंगाळाच्या तळाला तांबं लागल्याचा बारीकसा आवाज.

मागच्या पडवीत जिलब्या तळत होते, सनईवाला सूर लावून बघत होता, कुणाचा तरी मानपान राहिला म्हणून बायकांत कुजबुज चालली होती. मला त्यातलं सगळं ऐकू येत होतं आणि कशाशीच माझा संबंध नव्हता. मधे कुणीतरी मला सुपाऱ्या आणायला पिटाळायला निघालं, तेव्हा आत्या म्हणाली, "तिला हाक मारू नका. ती घटकेवर बसलीय."

त्या दिवशी मी पाच घटका बसले, म्हणजे दोन तास. एरवी दोन मिनिटं एका जागी न ठरणारी पोरगी. पुढे ध्यान, मौन, साधना हे शब्द आयुष्यात आले, त्यांच्यासाठी दूरवर प्रवास झाला, तेव्हा कळलं की या सगळ्याशी माझी पहिली ओळख त्या घंगाळापाशी झाली होती. आणि आत्याचं ते वाक्य तर या सगळ्या विषयाचं मूळच आहे, असं मला आज वाटतं.

घटका म्हणजे 24 मिनिटं. दिवस आणि रात्र मिळून 60 घटका, एका घटकेची 60 पळं. दोन घटकांचा एक मुहूर्त, म्हणजे 48 मिनिटं. असे 30 मुहूर्त झाले की अहोरात्र पुरं होतं. सूर्योदयाच्या आधी 1 तास 36 मिनिटांपासून पुढची 48 मिनिटं तो ब्राह्ममुहूर्त. 'सूर्यसिद्धान्त' या खगोलाच्या जुन्या ग्रंथात या भोकाच्या तांब्याच्या पात्राचं वर्णन आहे: स्वच्छ पाण्यात ठेवलं असता दिवसरात्रीत साठ वेळा बुडणारं ते खरं. भास्कराचार्यांच्या लीलावतीची दंतकथा याच वाटीभोवती फिरते. लग्नाची घटका भरताना ती उत्सुकतेने वाटीत डोकावली, दागिन्यातला मोती आत पडून भोक बुजलं, वाटी बुडालीच नाही आणि मुहूर्त टळला. कथा खरी असेल-नसेल, पण वाटीवर ओणवं होऊन बघत राहण्याचा मोह मात्र अगदी खरा. तो मी अनुभवलाय.

या साध्या वाटीत हुशारीही मोठी आहे. भांड्याला भोक पाडून त्यातून पाणी गळू दिलं, तर आतलं पाणी उतरेल तशी धार मंदावते आणि वेळेचं माप चुकत जातं. तरंगणाऱ्या वाटीचं उलटं असतं. तिच्या वजनामुळे बाहेरच्या आणि आतल्या पाण्याच्या पातळीत जो फरक पडतो, तो ती बुडेपर्यंत फारसा बदलत नाही. त्यामुळे धार जवळजवळ एकसारखी राहते. किल्ली द्यायला नको, काटा बघायला नको. फक्त कुणीतरी शेजारी शांत बसायला हवं. घड्याळ आणि त्याचा राखणदार अशी ती जोडीच होती.

वाटी गेली, पण भाषेतून घटका गेली नाही. उन्हातून आलेल्या माणसाला आपण घटकाभर टेकायला सांगतो. जीव रमवायला घटकाभर करमणूक शोधतो. कुणाची घटका भरत आली म्हणतो, तेव्हा त्या बुडत्या वाटीचंच चित्र बोलत असतो, फक्त वाटी कुणाला आठवत नाही. माझी आजी जेवणानंतर भिंतीला पाठ लावायची आणि "आता घटकाभर मला कुणी काही विचारू नका" म्हणायची. तिची घटका खरोखरच वीस-पंचवीस मिनिटांची असायची. घड्याळ तिला वाचता येत नव्हतं.

आपल्या भाषेची अजून एक गंमत आहे, आणि या प्रकरणातलं मला सांगायचं आहे ते सगळं तिच्यातच आहे. मराठीत 'वेळ' हा शब्द दोन लिंगांत चालतो. 'मला वेळ मिळाला नाही' यातला वेळ पुल्लिंगी. तो लांबी सांगतो, किती मिळाला, किती उरला ते. 'ती वेळ टळली', 'जेवायची वेळ झाली' यातली वेळ स्त्रीलिंगी. ती जागा सांगते, दिवसाच्या वाटेवरचा एक ठरलेला दगड. शांत बसण्याची इच्छा असलेली जवळजवळ सगळी माणसं तो वेळ शोधत असतात. कामं उरकली की, मुलं मोठी झाली की, निवृत्त झालो की. तो वेळ कधीच उरत नाही, कारण उरलेल्या वेळावर घरातल्या प्रत्येकाचा, आणि आता हातातल्या फोनचा, हक्क असतो. जी माणसं खरोखर बसतात, त्यांनी कधीतरी ती वेळ ठरवलेली असते. अशी माणसं मी आयुष्यभर बघत आले आहे.

आमच्या खालच्या मजल्यावर एक गुजराती जैन कुटुंब राहायचं. तिथल्या काकी रोज सामायिक करायच्या. सामायिक म्हणजे समभावात राहण्याचं व्रत, आणि त्याची मुदत पक्की: एक मुहूर्त, 48 मिनिटं. लोकरीचं आसन घालून बसायचं, शेजारी वाळूचं घड्याळ उलटं करून ठेवायचं, आणि वाळू सरेपर्यंत घर, पैसा, राग, लोभ सगळ्याला रजा. तेवढ्या वेळापुरता गृहस्थही साधूसारखाच, असं त्यांच्यात मानतात. काकींच्या घरी दूधवाला, पेपरवाला, केबलवाला सगळ्यांना ती वेळ पाठ होती. सामायिक चालू असताना मी एकदा वाटीभर साखर मागायला गेले. काकींनी डोळे उघडले, माझ्याकडे प्रेमाने पाहिलं आणि पुन्हा मिटले. मी दारातूनच परत आले. राग वगैरे काही नव्हता त्या बघण्यात. पण वाळू सरली नव्हती.

 गांधीजींचा सोमवारही असाच मौनाचा असे, हे सगळ्या देशाला माहीत होतं. बोलायचं असेल ते चिठ्ठीवर लिहीत. 2 जून 1947 हा सोमवार होता. फाळणीची योजना पुढाऱ्यांसमोर ठेवून झाल्यावर व्हाइसरॉय माउंटबॅटन यांची आणि गांधीजींची त्याच दिवशी भेट झाली. ज्या गोष्टीने त्यांचं काळीज फाटत होतं तिच्यावर बोलायचा तो दिवस. गांधीजींनी ओठांवर बोट ठेवलं आणि वापरलेल्या लिफाफ्यांच्या पाठीवर लिहून उत्तर दिलं. यावर पुष्कळ मतं होतील. मला मात्र त्यात ठरवलेल्या वेळेची ताकद दिसते. देशाच्या व्हाइसरॉयलाही त्या सोमवारपुढे थांबावं लागलं.

आपल्या घराघरांतल्या बायकांकडे मौनवार नव्हता. त्यांच्याकडे पोथी होती. शिवलीलामृताचे अध्याय 14, त्यातला अकरावा रोज वाचायचा नेम कितीतरी घरांत असे. आजी पोथी घेऊन बसली की सुनेने तिला मिठाचा डबा कुठाय हे विचारायचं नाही, आजोबांनी चहा मागायचा नाही. देवाचं नाव पुढे होतं म्हणून त्या बाईला दिवसातली घटका-दीड घटका स्वतःची मिळत होती. सोवळ्याचंही थोडं असंच. 'मी सोवळ्यात आहे' या तीन शब्दांचं कुंपण घालून बाई एकटी राहू शकत असे. अर्थात सोवळ्याच्या त्याच कुंपणाने कितीतरी माणसांना पिढ्यान् पिढ्या अपमान करून दाराबाहेर उभं केलं. ते मोडलं याचं मला समाधान आहे. दुःख एवढंच की कुंपण मोडताना बाईची ती घटकाही गेली आणि तिच्या जागी दुसरं काही कुणी आणून दिलं नाही. आज कमावती बाई घरात डोळे मिटून बसली की पहिला प्रश्न येतो, "बरं वाटत नाही का?"

दिवसातली वेळ ठरते तशी वर्षातलीही ठरवता येते, हे आपल्या डोंगरांत कोरून ठेवलेलं आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरीची लेणी मी पहिल्यांदा पाहिली ती श्रावणात, धो धो पावसात. शंभराच्या वर लेणी, सगळी काळ्या बेसॉल्टमधली, आणि जवळजवळ हजार वर्षं तिथे भिक्खूंची वस्ती. बुद्धाचे भिक्खू एरवी फिरतीवर असत. पावसाळ्यात फिरताना कोवळी रोपं आणि जीवजंतू पायाखाली येतात अशी लोकांची तक्रार झाली, तेव्हा बुद्धाने नियम घालून दिला: तीन महिने एका जागी राहायचं. हाच वर्षावास. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत. आपला चातुर्मास एकादशीपासून एकादशीपर्यंत आणि महिनाभर मोठा, पण पावसाचं बोलावणं तेच.

त्या दिवशी आमची मंडळी मोठ्या चैत्यगृहात फोटो काढत होती. मी वरच्या बाजूच्या एका लहान लेण्यात शिरले. पुढे ओसरी, आत खोली, खोलीच्या कडेला दगडातच कोरलेला ओटा, एका माणसाला आडवं होता येईल एवढा. बाहेर कातळात खोदलेल्या पन्हळींतून पाणी वाहत येऊन टाक्यात पडत होतं. ओट्यावर बसले. दगड गार होता, पण ओला नव्हता. छिन्नी धरून कुणीतरी कितीतरी दिवस हा डोंगर उकरला तो एका माणसाला शांत बसता यावं म्हणून. वर पाऊस लागू नये, प्यायला पाणी हाताशी असावं, पाठ टेकायला जागा असावी. बाकी काही नको. वास्तुशास्त्राची मी कितीतरी पुस्तकं वाचली, पण घरातला एक कोपरा कसा असावा हे मला त्या ओट्याने शिकवलं. आणि हा वर्षावास काही पुराणवस्तू नाही. महाराष्ट्रातल्या बौद्ध वस्त्यांत, बुद्धविहारांत आणि घरी, आजही या तीन महिन्यांत बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचं रोज थोडं थोडं वाचन होतं. दिवसभर राबून आलेली माणसं पांढरे कपडे घालून त्या वेळेला तिथे बसतात.

माझं स्वतःचं बसणं सुरू झालं ते इगतपुरीला. मुंबईहून नाशिकला जाताना कसारा घाट चढला की वर हे रेल्वेचं गाव लागतं. तिथल्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात 1976 पासून शिबिरं होत आली आहेत. ती सुरू करणारे सत्यनारायण गोयंका मूळचे मारवाडी, पण जन्म 1924 मध्ये मंडालेचा. मंडाले म्हटलं की आपल्याला टिळक आठवतात. त्यांनी गीतारहस्य लिहिलं ते तिथल्याच तुरुंगात, एका हिवाळ्यात. सक्तीच्या एकांतातही माणूस केवढं काम करू शकतो, त्याचं ते उदाहरण. गोयंका व्यापारी होते आणि अर्धशिशीने इतके हैराण, की दुखणं थांबवायला मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. 1955 मध्ये ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे गुरू आश्रमात राहणारे संन्यासी नव्हते. ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते, म्हणजे देशाच्या हिशेबाची सगळी जबाबदारी डोक्यावर असलेला सरकारी अधिकारी. कामातून वेळ मिळत नाही ही सबब त्यांच्यापुढे चालणार नव्हतीच. 1969 मध्ये गोयंका भारतात आले आणि पहिलं शिबिर मुंबईत झालं.

दहा दिवसांच्या शिबिरात पहाटे 4 ला घंटा होते. 4:30 ला बसायचं. सकाळी 11 ला दिवसाचं शेवटचं पोटभर जेवण, संध्याकाळी चहा आणि थोडं काही, 7 ला प्रवचन, साडेनऊच्या सुमाराला अंथरूण. नवव्या दिवसापर्यंत आर्य मौन: शेजाऱ्याशी बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, नजरानजरही शक्यतो टाळायची. वही-पेन, पुस्तक, फोन सगळं कार्यालयात जमा. शिबिराची फी नसते. आधीच्या साधकांनी दिलेल्या दानावर तुम्ही जेवता. पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे आत येणारा आणि बाहेर जाणारा श्वास नुसता बघत राहायचा. मोजायचा नाही, लांबवायचा नाही, मंत्र जोडायचा नाही. लक्ष ठेवायचं ते नाकपुड्यांखालच्या, वरच्या ओठावरच्या इवल्याशा जागेवर. चौथ्या दिवशी विपश्यना देतात आणि तेव्हापासून दिवसातून तीनदा अधिष्ठानाला बसायचं. पूर्ण एक तास. हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत.

पहिले दोन दिवस मी जवळजवळ श्वास पाहिलाच नाही. कुकरची रिंग बदलायची राहिली होती. बँकेच्या लॉकरची किल्ली पुस्तकांच्या कपाटात ठेवली की कपड्यांच्या? नणंदेला अकरा वर्षांपूर्वी बोललेलं एक वाक्य, अक्षरन् अक्षर, तिच्या चेहऱ्यासकट. उजवा गुडघा. परत कुकर. मला वाटलं, माझ्यातच काहीतरी खोट आहे. नंतर कळलं की सगळ्यांचं असंच असतं, आणि त्याला आकडेही आहेत. 2010 मध्ये हार्वर्डच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2,250 माणसांना त्यांच्या फोनवर दिवसातून अधूनमधून विचारलं: आता काय करताय, मन कुठे आहे, बरं वाटतंय का? जवळजवळ 47 टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. आणि ते भटकत असताना माणसं कमी सुखी होती, काम आवडीचं असो वा नावडीचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी, बाहेर घाटातून मालगाडी चढत असताना, एकदम सगळं थांबलं. वीस-एक श्वास असतील. गार आत येतोय, कोमट बाहेर जातोय, एवढंच. मग लगेच "अरे, जमलं की!" असा विचार आला आणि गेलं सगळं. पण ते वीस श्वास झाले होते, याबद्दल मला शंका नाही.

श्वासच का, याचं एक सरळ कारण आहे. हृदय आपण ठरवून थांबवू शकत नाही, आतड्यांना हुकूम देऊ शकत नाही. श्वास मात्र दोन्हीकडचा आहे. झोपेतही आपोआप चालतो आणि मनात आलं तर रोखूनही धरता येतो. शिवाय तो हृदयाशी बांधलेला आहे. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात, सोडताना मंदावतात. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत उतरणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूचं हे काम. काही न करता नुसतं लक्ष दिलं तरी श्वास हळूहळू आपणच सावकाश होत जातो, हे तुम्हाला आता, हे पान वाचतानाही बघता येईल.

ध्यानाने सगळे रोग जातात असं सांगणाऱ्यांपासून मात्र दूर राहावं. 2014 मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात 47 चाचण्यांचा, 3,515 माणसांचा एकत्रित आढावा आला. काळजी, उदासी आणि वेदना यांवर ध्यानाचा थोडा ते मध्यम उपयोग दिसला. झोप, वजन किंवा व्यसन यांवर पक्का पुरावा मिळाला नाही. मला हा निष्कर्ष आवडतो, कारण तो माझ्या अनुभवाशी जुळतो. आणि ज्याला खोल नैराश्य आहे, भास होतात, जुना आघात डोळे मिटले की उसळून येतो, त्याने आधी डॉक्टरकडे जावं. अशा माणसाला एकट्याने डोळे मिटून बसवणं धोक्याचं ठरू शकतं. कोवळी मुलं आईबापांनी हौसेने बसवलेली मी पाहिली आहेत, म्हणून हे ठळक सांगते.

इगतपुरीहून निघताना सांगितलं जातं: सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. घरी आले. दोन खोल्या, दोन शाळकरी मुलं, सासूबाई, नोकरी. पहिला आठवडा पहाटे साडेचारला उठले. बसल्या बसल्या डुलकी लागायची. मग रात्री बसून पाहिलं. मुलांचा अभ्यास, उद्याची भाजी निवडणं, आणि मी तशीच भिंतीला टेकून झोपलेली. तिसऱ्या आठवड्यात सुटलंच. दोन वर्षं सुटलेलं राहिलं. त्या दोन वर्षांत मी प्रत्येकाला सांगत होते, वेळच मिळत नाही हो. तो वेळ.

मग एका सकाळी मुलांची शाळेची रिक्षा कोपऱ्यावरून वळली आणि मी गॅलरीतच उभी राहिले. मला आठ चाळीसची बस असे. रिक्षा वळायची सात दहाला. मधे डबे, केर, अंघोळ सगळं होतंच, पण रिक्षा वळली की घरात एक पोकळी तयार व्हायची, पाणी ओसरल्यासारखी. रोज. न चुकता. ती पोकळी मी आजवर वर्तमानपत्राने भरत होते. ती वेळ मी धरली. गजर नाही, घड्याळ नाही. रिक्षा वळली की बसायचं. एक तास शक्यच नव्हता. किती बसावं? तेव्हा मला ते घंगाळ आठवलं. एक घटका.

तासाच्या जागी 24 मिनिटं म्हणजे शिकवलेल्या रीतीला बट्टा, असं मला शिबिरातल्या एका ओळखीच्या बाईंनी प्रेमाने सुनावलं. त्यांचं म्हणणं चूक नाही. पण तीन आठवड्यांत सुटलेल्या तासापेक्षा बावीस वर्षं टिकलेली घटका मला मोलाची वाटते, आणि ज्याला नव्याने सुरुवात करायची आहे त्याला मी आजही घटकाच सांगते.

जागा म्हणजे कपाटाशेजारचा कोपरा. इस्त्रीचे कपडे ठेवायची जागा होती ती. घोंगडीची चौपदरी घडी बुडाखाली घ्यायची, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा खाली राहतात आणि पाठ आपोआप सरळ होते. हे न कळल्यामुळे कित्येक माणसं कंबर दुखून बसणं सोडतात. गुडघे कुरकुरत असतील तर सरळ खुर्चीत बसावं, दोन्ही पावलं जमिनीला लावून. समोर भिंत. शेजाऱ्यांचा मिक्सर, भंगारवाल्याची आरोळी, कुणाच्या तरी गाडीचा रिव्हर्सचा हॉर्न, हे सगळं असणारच. पहिलं वर्ष मी त्या आवाजांशी मनातल्या मनात भांडले. मग लग्नघरातली सनई आणि जिलब्यांची तळणी आठवली. तेव्हाही आवाज होतेच की. ते आपल्या जागी होते आणि मी माझ्या. मन गेलं की गेलं असं कळतं. कळलं की श्वासावर परत यायचं. चोवीस मिनिटांत हे शंभर वेळा झालं तर शंभर वेळा. या परत येण्यालाच शिबिरात साधना म्हणतात.

सगळ्यात अवघड होतं ते सासूबाईंना सांगणं. सून सकाळी भिंतीकडे तोंड करून बसते हे त्यांना विचित्र वाटलं असणार, पण त्या काही बोलल्या नाहीत. चार-पाच दिवसांनी फोन वाजला तेव्हा त्यांनीच तो उचलला आणि हळू आवाजात सांगितलं, "ती पोथीला बसलीय. अर्ध्या तासाने कर." पोथी नव्हतीच. पण त्यांना ठाऊक असलेलं, सगळ्यात भक्कम कुंपण त्यांनी माझ्याभोवती घातलं होतं. त्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत मी पोथीलाच बसत होते.

गेल्या वर्षी नातीला घटिकापात्राची गोष्ट सांगितली, तेव्हा तिला ती वाटी बघायची होती. आम्ही पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेलो. एका म्हाताऱ्या कारागिराने तांब्याची पातळ वाटी निवडून दिली आणि भोक पाडलं. घरी बादलीत सोडली तर अकरा मिनिटांत बुडाली. परत गेलो. त्यांनी डाख लावून भोक बुजवलं, बारीक सुईने नवं पाडलं आणि म्हणाले, "भोक मोठं करता येतं ताई, लहान नाही करता येत. सबुरीने घ्या." या खेपेला एकतीस मिनिटं लागली. मग त्यांच्या दुकानातच, पाण्याची परात मांडून, सुईचा एकेक फेरा देत आम्ही दुपार घालवली. सत्तावीस. पंचवीस. नात घड्याळ धरून बसली होती. चोवीसला वाटी बुडाली तेव्हा शेजारच्या दुकानांतली ठाकठूकही जरा थांबली.

आता ती सुटीत आली की वाटी पाण्यावर सोडायचं काम तिचं. परवा सकाळी मी कोपऱ्यात बसले, डोळे मिटले, आणि थोड्या वेळाने दाराची बेल वाजली. कुरिअरवाला असावा. नातीची पावलं धावत गेली. दार किलकिलं झाल्याचा आवाज आला.

"पाच मिनिटं थांबाल का काका? आजी घटकेवर बसलीय."

पावलं परत आली, या वेळी हळू. ती वाटीपाशी उकिडवी बसल्याचं मला कळलं. श्वास आत आला, बाहेर गेला. मग डुबुक, आणि तळाला तांबं लागलं. नात काही ओरडली नाही.